पिवळ्या नखांचा कॅचर

शनिवारी सकाळी सहाला मिशिगनमधल्या नोव्हायहून निघालो. गाडी माझी, शेजारच्या सीटवर सुधाकरकाका. काका दोन घरं सोडून राहतात. चाळीस वर्षं ऑपरेशन थिएटरात भूल देण्याचं काम करून निवृत्त झाले. त्यांचा मुलगा संकेत बेसबॉलमध्ये कॅचर आहे. म्हणजे बॅट्समनच्या मागे मुखवटा घालून उकिडवा बसतो, चेंडू झेलतो आणि पुढचा चेंडू कसा टाकायचा ते समोरच्या पिचरला बोटांच्या खुणांनी सांगतो. बारा वर्षांत नऊ संघ, सगळे लहान गावांचे. मोठ्या लीगचं मैदान त्याने तिकीट काढूनच पाहिलं.

आता त्याचे गुडघे कुरकुरतात. पेनसिल्वेनियातल्या त्याच्या संघाने त्याला पूर्णवेळ कोच व्हायला सांगितलंय. काकांनी मात्र मित्राच्या कंपनीत नोकरी बघून ठेवलेली. सोमवारी दोन्हीकडे उत्तर द्यायचं होतं. काका त्याला घरी आणायला निघाले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे ड्राइव्ह करता येत नाही, म्हणून मी.

टोलेडोनंतर ओहायोचा टोल रस्ता लागतो. सरळ, कंटाळवाणा, पण थांबे स्वच्छ. काकूंनी दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या तिथेच संपल्या.

“पस्तिशी आली. अजून किती दिवस गावोगाव बॅग घेऊन फिरायचं?” काका म्हणाले.

“शेवटची मॅच कधी पाहिलीत त्याची?”

“कॉलेजात असताना. आणि वैशाली, भाषण नको हं. मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत तुझं ऐकतो तेवढं पुरे.”

भाषण मी केलंच, थेट पेनसिल्वेनियाच्या हद्दीपर्यंत. आपण फक्त पहिल्या आलेल्यांना शाली घालतो. अशा किती सत्कारांत मीही टाळ्या मागितल्या, याची मला लाज वाटते. ज्या समाजाला शिखरावरचा एकच माणूस दिसतो, त्याला डोंगर दिसतच नाही! काका खिडकीबाहेर बघत होते.

पुढे ऐंशी नंबरचा हायवे डोंगरांतून जातो. पेट्रोल आधीच भरून घ्या आणि हरणं सांभाळा. सात तासांनी स्टेट कॉलेजला पोचलो. विद्यापीठाचा समारंभ नसेल तर मोटेल परवडतं. देशी जेवणाची आशा मात्र फार धरू नका.

रविवारी दुपारची मॅच तिथून तासाभरावरच्या गावात. बारा डॉलर तिकीट, गाडी गवतावर लावायची, फुकट. संकेत कुंपणापाशी भेटायला आला. हाताची नखं पिवळीजर्द.

“हे काय रे, नेलपॉलिश?”

“स्टँडची सावली पडते ना बाबा. पिचरला माझी बोटं दिसली नाहीत तर गोंधळ होतो. सगळे कॅचर लावतात.” मग हळूच म्हणाला, “तुम्ही म्हणाल तर येतो घरी. आय प्रॉमिस्ड आई. पण आधी मॅच बघा.”

शेवटच्या डावात संकेतचा संघ एका धावेने पुढे होता. एक गडी बाद केला की जिंकले. पण तिन्ही बेसवर समोरच्यांची माणसं, आणि संकेतच्या संघाचा उंच, कोवळा पिचर पार ढेपाळलेला. दोन चेंडू कुठेच्या कुठे गेले. संकेतने खेळ थांबवला, मुखवटा वर केला आणि लंगडत, अगदी सावकाश त्याच्याकडे गेला. खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलला. पोरगा चक्क हसला.

काका पुढे सरकून बसले. “त्याचा श्वास बघ,” ते म्हणाले, “खाली आला.”

पुढच्या तीन चेंडूंवर बॅट नुसती हवेत फिरली आणि शेवटचा गडी बाद झाला. सगळा संघ पिचरवर तुटून पडला. संकेत मागे एकटाच गुडघे चोळत उभा.

“काय सांगितलंस त्याला?” काकांनी कुंपणापाशी गाठून विचारलं.

“काही नाही. मॅचनंतर काय खाणार, विचारलं. पॅनकेक म्हणाला.”

काकांनी जाळीतून त्याची बोटं धरली. “मी टेबलावरच्या पेशंटला गाव विचारायचो. तिथे पाऊस झाला का, विचारायचो. बोलता बोलता भीती उतरते.” त्यांनी त्याच्या पिवळ्या नखांवरून अंगठा फिरवला. “पेशंट वाचला की हार सर्जनला. मी तेव्हा नाडी बघत असायचो.”

“मग काय करू, बाबा?”

“गुडघ्यांना बर्फ लाव. आणि इथल्या लोकांना हो म्हण.”

सोमवारी परतीच्या वाटेवर काकांनी स्वतःच मित्राला फोन केला, दोन वाक्यांत आटपला. मी सात तास एकही भाषण केलं नाही. पुस्तकं वाचून मला जे पटलं होतं, ते काकांना एका लंगडत्या फेरीत दिसलं होतं.

नोव्हायला काकू दारात उभ्या होत्या. आमच्यामागच्या रिकाम्या गाडीकडे बघत म्हणाल्या, “अहो, संकेत कुठाय?”

काकांनी चपला काढल्या.

“कामावर आहे,” ते म्हणाले.