बाबारावांचा अंतरपाट

कळंब तालुक्यातल्या त्या गावात कुणालाही बाबाराव गावंड्यांचं घर विचारा. समोरचा आधी हसेल आणि मग बोट दाखवेल. घर ओळखायला अगदी सोपं. ज्या अंगणातल्या मोटारसायकलच्या सीटवर दोन पोपट समोरासमोर बसलेत आणि फवारणीच्या पंपानेसुद्धा गुलाबाच्या वेलीचा अंगरखा घातलाय, ते बाबारावांचं घर. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरलाही एक खोळ होती, कमळांची. ती एकदा चोरीला गेली. बाबारावांना वाईट वाटायला हवं होतं, पण गडी खूश. "स्टार्टर ठेवला अन् खोळ नेली," असं ते गावभर सांगत फिरले, "चोराले पारख होती बाप्पा."

माणूस शेतकरी. कापूस, तूर, सोयाबीन, सगळं वेळच्या वेळी. पण जीव मशीनवरच्या भरतकामात. त्यांना कुणी टेलर म्हटलेलं मात्र खपत नाही. शेजारचे किसनराव एकदा उसवलेला पायजमा घेऊन आले होते. बाबारावांनी शिवण घालून दिली, आणि हात शिवशिवत होते म्हणून गुडघ्यावर एक चाफ्याचं फूलही काढून दिलं. किसनराव पुन्हा काही शिवून घ्यायला आले नाहीत.

हा नाद लागला बहिणीपायी. थोरली मथुराबाई लग्नाआधी यवतमाळला शिवणाच्या क्लासला जायची आणि सोबत म्हणून धाकट्या बाबारावला धाडायचे. मथुराबाईला शिवण काही केल्या येईना. बाहेर ओट्यावर बसून खिडकीतून बघणाऱ्या भावाला मात्र बसल्या जागी येऊ लागली. लग्न झाल्यावर ती आपली शिवणमशीन माहेरीच सोडून गेली. तेव्हापासून दुपारची उन्हं डोक्यावर आली, की गावातले पुरुष पारावर पत्ते कुटतात आणि बाबाराव कापड लाकडी रिंगमध्ये ताणून सुईखाली फिरवत बसतात. पाय पायडलवर, हात रिंगवर, जीभ दातांत. पोळ्याला त्यांच्या बैलांच्या झुली बघायला आजूबाजूच्या गावांतले लोक येतात. बैलांना त्याचं काही नसतं.

बायको नलूबाई. त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही आणि हे त्या मोठ्या तोऱ्यात सांगतात. "घरात एकानं केलं म्हणजे झालं," म्हणतात. नवऱ्याच्या हौसेला त्यांनी कधी आडकाठी केली नाही, फक्त जेवणाच्या ताटाला खोळ शिवू दिली नाही.

या सगळ्यात खरे हाल झाले ते सुरभीचे, त्यांच्या एकुलत्या एक लेकीचे. तिच्या फ्रॉकवर हत्ती, दप्तरावर हंस, परीक्षेच्या पुठ्ठ्याला बदकांची खोळ. शाळेत पोरी तिला 'पडदा' म्हणायच्या. ती मोठी झाली, यवतमाळला लॅबमध्ये नोकरीला लागली आणि तिनं साधे, बिनफुलाचे कपडे घ्यायचा सपाटा लावला. मग वणीच्या रजतशी लग्न ठरलं. याद्या झाल्या त्याच दिवशी तिनं बापाला गाठलं.

"बाबा, एक सांगू का? राग नका मानू. लग्नात तुमचं भरतकाम कायलेच नको. त्याइच्या घरचे हसतीन."

बाबाराव "बरं" म्हणाले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. हा माणूस ताप असतानाही दोन भाकरी खाणारा, त्यामुळे घरात काळजी पसरली.

नलूबाई लेकीला म्हणाल्या, "एक काहीतरी करू दे वं त्या माणसाले. जन्मभर बैलाइले सजवलं त्यानं, पोरीले नको काय?"

सुरभीनं विचार केला, की लग्नात सगळ्यात कमी वेळ काय दिसतं? आणि म्हणाली, "अंतरपाट करा. मंगलाष्टकं झाली की बाजूले होते तो."

कुणाला जहागिरी मिळाली तर जेवढा आनंद होईल, तेवढा बाबारावांना झाला. लगेच जेवायलाही बसले. त्यांना दुसरं काही नको होतं. लेकीच्या लग्नात आपल्या हातचं काहीतरी तिच्या डोळ्यांसमोर असावं आणि ते पाहून तिनं मान वळवू नये, एवढंच हवं होतं. ही गोष्ट त्यांनी कुणाला बोलून दाखवली नाही. आपल्याकडे बाप असलं काही बोलत नसतात, खोळी शिवतात.

महिनाभर मशीन चालली. कुणाला काही दिसू द्यायचे नाहीत, कुणी आलं की वर चादर टाकायचे. लग्नाच्या आदल्या दिवशी अंगणात मांडव पडला, मथुराबाई माहेरी आली, आणि दुपारी बाबारावांनी चादर काढली. पांढऱ्या कापडावर दोन मोर, मध्ये कळस, एका मोराखाली 'सुरभी', दुसऱ्याखाली 'रजत'. खोटं कशाला बोला, काम देखणं झालं होतं.

"धरून पाहू द्या," म्हणत मथुराबाईनं एक टोक धरलं, नलूबाईंनी दुसरं. किसनरावांची सून कौतुकानं पलीकडून बघायला गेली आणि तिथंच थांबली. मथुराबाईनं वाकून तिकडून पाहिलं.

"बाबू," ती म्हणाली, "इकडून त मोराच्या आतड्या दिसून राह्यल्या."

बाबारावांच्या पायाखालची जमीन सरकली. उशीची मागची बाजू उशीकडे असते, सीटची सीटकडे, झुलीची बैलाकडे. जन्मभर त्यांच्या कापडाच्या मागे कुणीतरी असायचं, जे बघत नसे. अंतरपाटाच्या अलीकडे नवरी उभी असते आणि पलीकडे नवरा, हे त्यांनी शेकडो लग्नांत पाहिलं होतं. अक्षता टाकताना लक्षात यायचं, रिंगवर बसलं की विसरायचं. दुकानातल्या अंतरपाटावर कुंकवाचं स्वस्तिक असतं, त्याला मागची बाजू असते कुठे?

"अस्तर लावा ना," नलूबाई म्हणाल्या. सुईत दोरा न ओवता येणारी बाई बरोबर बोलली. पण पाव्हण्यांच्या पिशव्या हलवून मशीन मोकळी करेपर्यंत दुपार टळून गेली. घरात सापडलं ते गुळगुळीत साटीन. ते सरकलं, मोरांच्या माना आखडल्या, कळसाला चुण्या पडल्या. त्यांनी अस्तर उसवून टाकलं. आता मोर एकाच बाजूला आणि बघणारे दोन.

सुरभीला हळद लागत होती. बाबाराव बायकांच्या घोळक्यात शिरले आणि घसा खाकरून म्हणाले, "एका बाजूनं मोर आहेत, एका बाजूनं गुंता आहे. बाजारातून दुसरा आणू का?"

सुरभी हसली. हळदीनं तिचं तोंड पिवळंधम्मक झालं होतं. "कायले? मोर रजतकडं करा. व्हिडिओवालाही तिकडंच राह्यते. मी त मान खालीच घालीन."

तिला वाटलं, प्रश्न सुटला. बाबाराव बाहेर येऊन मांडवाच्या खांबाला टेकले. त्यांना फार वाईट वाटलं. महिनाभर जे लेकीसाठी केलं ते जावयाला दिसणार, आणि लेकीच्या वाट्याला दोऱ्यांची टोकं. पण दोष द्यायचा कुणाला? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवशी कळंबच्या कार्यालयात अंतरपाट धरला गेला. मोर रजतकडे. वणीची मंडळी एकमेकांना कोपरानं ढोसत "पाहा, पाहा" करू लागली. कुणी हसलं नाही. व्याही तर चष्मा पुसून पुढे आले. बाबाराव लेकीच्या मागे उभे होते आणि त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. भटजींची मंगलाष्टकं चालू होती, अक्षता पडत होत्या, आणि मान खाली घालणार म्हणालेली सुरभी मान वर करून समोरच्या गुंत्याकडे बघत होती. पहिल्या सावधानला बघत होती, शेवटच्यालाही तिथंच बघत होती. अंतरपाट दूर झाला तेव्हा तिला हार घालायची आठवण आत्याला करून द्यावी लागली.

संध्याकाळी पाठवणीला गाडी कार्यालयाच्या दाराशी लागली. नलूबाई रडत होत्या, मथुराबाई त्यांच्याहून मोठ्यानं रडत होती. सुरभी बापापाशी आली. तिच्या हातात घडी केलेला अंतरपाट होता. तिनं एक पदर उलटा केला.

"बाबा, हे पाहा. रजतच्या नावामागं एकच दोरा आहे, साफ. माह्या नावामागं एवढ्या गाठी काहून? किती वेळा उसवलं?"

बाबारावांनी छताकडे पाहिलं. "तो दोरा खराब होता."

"दोघाइचा दोरा एकच आहे, लाल."

"मंग चष्म्याचा नंबर वाढला असन. तुह्या नावावर आलो की दिसेच ना मले. अक्षर वाकडं जाये. मंग उसवो, मंग पुन्हा काढो."

सुरभीनं नाक ओढलं. डोळे भरले होते, पण बोलणं बापाचंच उचललेलं.

"अन् रजतच्या नावावर आले की नंबर उतरे काय?"

लेकीनं अंतरपाट आपल्या पिशवीत घातला, आणि वणीच्या सगळ्या पाव्हण्यांसमोर, नव्या कोऱ्या सदऱ्यात, बाबाराव गावंडे लहान पोरासारखे रडले.