बंद दारासमोरचे पाच शनिवार

एका शाळेने नववीतल्या एका मुलीला फसवलं. त्याच शाळेने तिच्याबाबत माझ्याशी ठरवलेली गोष्ट मोडली आणि मलाही फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने शेवटपर्यंत अंदाज बांधत बसायला नको. कोल्हापुरात मी पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो तेव्हाचं हे प्रकरण. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील विसरत चाललोय, पण त्या मुलीची वही अजून पानापानाने पाठ आहे. नाव कुणाचंच लिहिणार नाही. ज्याची त्याला ओळख पटेल.

माझी आई मंडईत भाजी विकायची. तिच्या पाटीमागे बसून मी अभ्यास केला आणि घासाघीसही शिकलो. गिऱ्हाईक दोन पावलं पुढे गेलं की ते परत येणार की नाही, हे मला त्याच्या पाठीवरून कळायचं. नोकरीत ते फार उपयोगी पडलं. संतापही आईकडूनच आला. तो फारसा उपयोगी पडला नाही.

एका मंगळवारी सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना बिद्रीहून एक बाई आल्या. कोल्हापुरात एकटी राहणारी त्यांची मावशी दार उघडत नव्हती. मावशी पंचाहत्तरीची, मूलबाळ नाही, जवळ मोबाइल नाही. ठाणे अंमलदाराने मिसिंगची तक्रार दाखल करून घेतली आणि मी एक हवालदार आणि दोन पंच घेऊन घरी गेलो.

दोन खोल्यांचं कौलारू घर. पुढच्या दाराला आतून कडी. मागे छोटं परसू, त्याला बोळात उघडणारं फाटक. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत म्हातारी नव्हती. गॅसच्या शेगडीवर कोळ्याचं जाळं होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान गेल्या महिन्याचं होतं. हे सगळं मी पाहिलं. पाहूनही त्याचा अर्थ लावला नाही, कारण तेवढ्यात शेजारीण बोलायला लागली.

"म्हातारी हाय की हो! शनवारी त्या साळंच्या पोरीनं पेपर वाचून दावला न्हवं का तिला. दर शनवारी येती पोरगी. पायरीवर बसून मोठ्यानं वाचती."

"म्हातारी बाहेर येत होती?"

"छ्या! खडूस बाई. आतनं ऐकत असंल. आमाला तरी कवा दार उघडलंय तिनं?"

त्या शाळेत विद्यार्थ्यांचा सेवा गट होता. एकेका मुलाला एकेक एकटं राहणारं म्हातारं माणूस नेमून दिलेलं. शनिवारची सकाळची शाळा सुटली की जायचं, वर्तमानपत्र वाचून दाखवायचं, विचारपूस करायची आणि वही भरायची. वहीत छापील चौकटी होत्या. काय वाचलं, आजी-आजोबा काय म्हणाले, तब्येत कशी आहे, आणि शेवटी त्यांची सही किंवा अंगठा. त्याखाली शिक्षकांची सही. कल्पना चांगली होती, हे मी आजही म्हणतो.

मी फोन केल्यावर सेवा गटाचे सर अर्ध्या तासात मोटारसायकलवरून वही घेऊन आले. आम्ही परसात उभे होतो. सरांनी शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. तीनच दिवसांपूर्वीचा शनिवार, निळ्या शाईचा अंगठा, खाली सरांची सही आणि "छान".

"आमच्या पोरांचं काम चोख असतंय साहेब," सर म्हणाले. "आजींना जरा विसरायला होत होतं. हे बघा, पोरीलाच विचारतायत, कोण हाय म्हणून."

खरंच तसं होतं. "आजी काय म्हणाल्या" या चौकटीत दोनच शब्द. कोण हाय? मी मागची पानं उलटली. त्याआधीच्या शनिवारी तेच. त्याच्याही आधी तेच. पाच शनिवार म्हातारीने एवढंच विचारलं होतं. तब्येतीच्या चौकटीत प्रत्येक वेळी लिहिलं होतं, "दिसली नाही." आजीची तब्येत पोरीला नीट कळली नसेल, असा मी त्याचा अर्थ लावला. नववीतली पोर, लिहिताना चुकली असेल.

शेगडीवरचं जाळं आणि जुनं कॅलेंडर, दोन्ही मग माझ्या मनात फटाफट बसली. विसराळू म्हातारी. मागच्या दाराने बाहेर पडली आणि परतीची वाट चुकली. परसात एका लोखंडी झाकणावर उभा राहून मी हवालदाराला पंचनामा सांगितला आणि त्याने तो लिहून घेतला. सर माझ्या शेजारी उभे होते. तेही त्याच झाकणावर.

तीन दिवस आम्ही एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, सरकारी दवाखाना, देवळांतल्या जेवणाच्या रांगा पालथ्या घातल्या. चौथ्या दिवशी मलकापूरहून खबर आली की स्टँडवर एक म्हातारी बसून आहे आणि तिला नाव-गाव सांगता येत नाही. गाडी काढून गेलो. ती आमची नव्हती. आम्ही पोचेपर्यंत तिचा मुलगाही तिला शोधत आला होता. ताब्यात दिल्याच्या कागदावर तिचा अंगठा घेतला तर कागदावर नुसता डाग उमटला.

"न्हाय उठायचा त्यो," म्हातारी आता चांगली शुद्धीवर येऊन म्हणाली. "रेशनच्या मशीनला बी घावत न्हाय. राखंनं भांडी घासून रेघाच गेल्यात माझ्या. त्यो दुकानदार म्हणतोय, आजी, तुमी हायसा कशावरनं?"

सगळे हसले. मीही हसलो. गाडीत बसलो आणि माझं हसू गेलं. माझ्या आईचाही अंगठा मशीन घेत नसे. आमच्या म्हातारीने जन्मभर लोकांची धुणीभांडी केली होती, असं तिची भाची जबाबात बोलली होती. मग वहीत तो स्वच्छ अंगठा कुणाचा?

ठाण्यात येऊन टेबलावर वही उघडली आणि भिंग घेतलं. सुरुवातीच्या महिन्यांतले अंगठे म्हणजे निळे डाग, मध्ये एखादी रेघ. शेवटचे पाच मात्र असे की एकेक वळण मोजावं. आणि त्या पाच पानांच्या लगेच आधीचं एक पान फाडलेलं होतं. शिवणीत कागदाची बारीक पट्टी राहिली होती.

म्हणजे पाच आठवडे ती बाई कुणाला दिसलीच नव्हती. तरी पाचही आठवडे ती वहीत बोलत होती. दुपारची वेळ, बाहेर रहदारी, शेजारी वायरलेस चालू. तरी मला त्या खोलीत एकट्याने बसवेना. मी हवालदाराला आत बोलावून घेतलं.

मूल अल्पवयीन असेल तर त्याला ठाण्यात बोलवायचं नाही आणि वर्दीत त्याच्या घरी जायचं नाही. महिला शिपाई आणि मी साध्या कपड्यांत गेलो. मुलीची आई शिलाई मशीनवर बसली होती. मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली. मी वही पुढे ठेवली.

"हा अंगठा तुझा?"

"व्हय."

आईने पायाखालची मशीन थांबवली. "काय बोलतीस गं?"

"चौकट मोकळी सोडली की सर वही परत देतात," मुलगी म्हणाली. "वह्या तपासणीला जायच्या होत्या. बक्षिसाच्या."

"आणि बाकीचं? तेही मनानं लिहिलंस?"

तेव्हा पहिल्यांदा तिने वर पाहिलं. मला चांगलं ठाऊक आहे, खोटं बोलणारा माणूस असल्या प्रश्नावर घाबरतो. ही चिडली.

"मी खोटं न्हाय लिहिलं. कोण हाय म्हणून आजीच म्हणाल्या. पयल्या शनिवारी. मी दार वाजवलं तवा."

"आतून?"

तिने मान हलवली आणि उजवा हात हळूच जमिनीकडे नेला. तळवा फरशीवर टेकवला.

"खालनं," ती म्हणाली. "घागरीत तोंड घालून बोलावं तसं."

महिला शिपायाने माझ्याकडे पाहिलं. मी पुढचे प्रश्न विचारले ते केवळ सवयीने.

त्या शनिवारी मुलगी तशीच पळत शाळेत परत गेली होती आणि सरांना सांगितलं होतं. सर म्हणाले, म्हाताऱ्या माणसाचा आवाज तसाच येतो, जास्त डोकं चालवू नकोस. तिने वहीत जसं घडलं तसं लिहिलं: दार उघडलं नाही, आवाज जमिनीखालून आला. सरांनी ते पान फाडलं आणि नीट, चौकटीत लिहायला सांगितलं. मग तिने खरे होते तेवढेच शब्द लिहिले. आजी काय म्हणाल्या? कोण हाय. तब्येत? दिसली नाही. पुढच्या शनिवारी आवाज आला नाही. तरी ती पायरीवर बसली आणि बंद दाराला पेपर वाचून दाखवला, कारण तिला नेमून दिलेलं काम ते होतं. पहिला धरून पाच शनिवार. प्रत्येक वेळी वहीत तेच शब्द लिहिले. कुणीतरी वाचेल आणि विचारेल, हे काय, असं तिला वाटलं होतं.

"कुणी विचारलं?"

"सरांनी खाली छान लिहिलं," ती म्हणाली.

आम्ही थेट त्या घरी गेलो. परसातल्या लोखंडी झाकणाखाली पाण्याची टाकी होती, जमिनीतून पार घराखाली पुढच्या पायरीपर्यंत गेलेली. झाकणाजवळ एक लाकडी दांडा पडला होता. तो मी मंगळवारीही पाहिला होता. अग्निशमनचे दोघे जण आले, कडीला दोर लावून झाकण उचललं. टाकी काठोकाठ भरलेली होती. पुढचं लिहीत नाही. इतके दिवस वास कसा आला नाही, असं लोक विचारतात. झाकण घट्ट बसलेलं आणि बोळातलं गटार उघडं, एवढंच सांगतो.

शेजारणीने आठवून सांगितलं की त्या पहिल्या शनिवारच्या आठवड्यात नळाला पाणी नव्हतं, ते रविवारी पहाटे आलं आणि टाक्या भरल्या. टाकीच्या तळाशी तांब्या सापडला. उरलंसुरलं पाणी काढायला म्हातारी टाकीच्या भिंतीतल्या लोखंडी कड्यांवरून खाली उतरली, टेकूचा दांडा सुटला आणि झाकण पडलं. वैद्यकीय अहवालात मृत्यू बुडून झाल्याचं आलं. म्हणजे शनिवारी दुपारी ती जिवंत होती. झाकणाच्या आतल्या बाजूला एका जागी गंज खरवडून लोखंड चकचकीत झालेलं होतं.

अकस्मात मृत्यूची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापक आणि ते सर माझ्यापुढे येऊन बसले. मुख्याध्यापकांनी सुरुवातच केली, "साहेब, मुलीने बनावट अंगठे केलेत. शाळेची घोर फसवणूक आहे. तुम्ही म्हणाल तर आम्ही तक्रार देतो."

मी टेबलावर हात आपटला. चहाचा कप खाली गेला. "द्या की! लगेच घेतो. मग पान कुणी फाडलं हे बी त्यातच लिहू."

दोघांचे चेहरे उतरले. गिऱ्हाईक परत फिरलंय हे मी ओळखलं आणि सौदा केला. मुलीकडे बोट दाखवायचं नाही. तिला दहावीपर्यंत शाळेत सन्मानाने ठेवायचं. बदल्यात मी फाडलेल्या पानाचा विषय जबाबात ताणणार नाही. पान मिळालं नव्हतंच, उरला होता तो पोरीचा शब्द आणि एक पट्टी. वकिलाने तिला उभं-आडवं घेतलं असतं. तिला वाचवायचं तर एवढंच हाती आहे, असा मी हिशेब केला. मुख्याध्यापकांनी हात जोडून होकार दिला. मी नोंद बंद होऊ दिली.

जूनमध्ये मुलीच्या हातात शाळा सोडल्याचा दाखला पडला. वर्तणुकीच्या रकान्यात लिहिलं होतं, "असमाधानकारक". तिची आई तो कागद घेऊन ठाण्यात आली. रडली नाही. "साहेब, तुमी बोलला व्हता," एवढंच म्हणाली. त्याच महिन्यात सेवा गटाला बक्षीस मिळालं. सरांचा फेटा बांधून सत्कार झाला.

मी शाळेत गेलो. शिपायाला बाजूला सारून मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरलो.

"आपलं काय ठरलं होतं?"

त्यांनी चष्मा पुसला. "ठरलं होतं खरं. पण कागदावर काही होतं का, साहेब?"

तीस वर्षं लोकांचे जबाब कागदावर घेणाऱ्या माणसाला हा प्रश्न. माझा आवाज एवढा चढला की वर्गातली मुलं व्हरांड्यात आली. त्याबद्दल माझ्यावर वरिष्ठांकडे तक्रार झाली, समजही मिळाली. ती मी निमूट घेतली.

मुलगी वारणानगरला मामाकडे शिकायला गेली. आता कॉलेजात आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा मी विचारलं, अजून कुणाला वाचून दाखवतेस का? म्हणाली, "दाखवते. पण आधी दार उघडून आत जाते."

या प्रकरणाने मला शिकवलं ते थोडक्यात सांगता येतं. सही-शिक्का असलेला कागद समोर आला की माणूस आपले डोळे बंद करतो, आणि पोलीसही त्याला अपवाद नाही. मंगळवारी मला त्या घरातलं जाळं दिसलं होतं, दांडा दिसला होता. मी म्हातारीच्या डोक्यावर उभा राहून ती वाट चुकल्याचं लिहून घेतलं. ती तेव्हा जिवंत नव्हती, हे खरं. माझी चूक मात्र त्याने कमी होत नाही. शिवाय मुलीच्या नावाचा सौदा मी तोंडी केला, ही दुसरी. दोन्ही इथे लिहून दिल्या.

आता बाकीच्यांनी लिहून द्यावं. दाखल्यावरचा तो शेरा कुणी लिहायला सांगितला, ते मुख्याध्यापकांनी सांगावं आणि तो शेरा खोडून द्यावा. सरांना माझं एवढंच म्हणणं आहे. त्या वहीच्या पाच पानांची झेरॉक्स माझ्या कपाटात आहे. पाचही पानांवर एक बाई विचारते आहे, कोण हाय? पाचही पानांखाली तुमची सही आहे. तिने विचारलं तेव्हा रविवारची पहाट व्हायला अख्खी दुपार आणि रात्र शिल्लक होती, आणि ते तुम्हाला सांगायला एक पोर पळत आली होती. घरी या, पानं काढून ठेवतो. तिला उत्तर द्या.