सात महिने आणि बावन्न आठवडे

माझे वडील अकरा वर्षं टेम्पररी होते.

टेम्पररी म्हणजे काय, ते या कारखान्यांच्या पट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. कंपनी सात महिने काम देते. मग ब्रेक. ब्रेक म्हणजे घरी बसा. पुन्हा बोलावलं तर नवीन पत्र, नवीन तिकीट नंबर, आणि सर्व्हिस शून्यापासून. वडील भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढतात तिथे, ऑपरेटर होते. मशीन तेच, सुपरवायझर तोच. कागदावर मात्र दर खेपेला नवा माणूस. ब्रेकमध्येही ते सकाळी डबा घेऊन निघायचे आणि मजूर अड्ड्यावर उभे राहायचे. चाळीत कळू नये म्हणून. एकदा परमनंटची जागा निघाली. सुपरवायझर म्हणाला, "पेढे सांगून ठेवा." जागेवर आला कुणाचा तरी मेहुणा. त्याला मशीन शिकवलं वडिलांनीच.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट. आज चाकणला क्लच प्लेट बनवणाऱ्या एका कंपनीत एचआर मॅनेजर आहे. हे मी छाती काढून सांगते, त्यात लाजायचं काय? पण त्या मेहुण्यामुळे एक सवय लागली. परमनंटची फाइल समोर आली की मला आधी संशय येतो.

आमच्या एमडींना टेनिसचं वेड. वार्षिक समारंभात त्यांनी स्टेजवरून जाहीर केलं, की या भागातल्या एका टेनिस खेळाडूला कंपनी परमनंट नोकरी देईल. सकाळी प्रॅक्टिस, दुपारी काम. अट एकच, आंतरराष्ट्रीय पातळीवर खेळलेला हवा. टाळ्या पडल्या. निवड करायची आम्ही तिघांनी. मी, क्वालिटी हेड जाधव आणि प्लांट हेड देशमुख सर. तिघांपैकी एकानेही कधी रॅकेट हातात धरलेली नव्हती.

शेवटी दोन फाइली उरल्या.

पहिली तेजसची. वय बावीस. फाइल एवढी जाड की रबर तुटलं. 'इंटरनॅशनल ओपन चॅम्पियन' अशी पाच सर्टिफिकेटं, सोनेरी शिक्के, कप घेतलेले फोटो. फाइल घेऊन आले त्याचे काका, आप्पा. आमचा तयार माल ज्या ट्रकांनी जातो, ते सगळे ट्रक आप्पांचे.

"मॅडम, पोरगं इंटरनॅशनल हाय," आप्पा खुर्चीत बसता बसता म्हणाले. "कपाटात मावंनात एवढे कप हायेत. आमी काय वशिला लावायला आलो न्हाई. सहज आलो."

सहज आलेल्या माणसाकडे मी जरा जास्तच निरखून बघते.

दुसरी फाइल आस्मा शेखची. वय पंचवीस, बीकॉम. वडिलांचं चिखलीला टू-व्हीलरचं गॅरेज. फाइल कसली, एकच कागद. त्यावर तीन ओळी. डब्ल्यू पंधरा, विजेती. डब्ल्यू पस्तीस, उपांत्यपूर्व फेरी. डब्ल्यू पन्नास, पात्रता फेरीतून मुख्य स्पर्धेत, तिथे पहिल्या फेरीत पराभव. खाली लिहिलेलं, 'जागतिक क्रमवारीत नऊशेच्या आसपास होते.'

जाधवांनी तो कागद उजेडात धरला.

"मॅडम, हा डेटा शिजवलेला आहे."

"कशावरून?"

"पंधराची स्पर्धा ही जिंकते आणि पन्नासच्या स्पर्धेत पहिल्या राउंडला घरी जाते? एक नंबर स्पर्धेत चॅम्पियन आणि भुक्कड स्पर्धेत फेल? सप्लायरने मला असा चार्ट दाखवला तर मी गाडी गेटवरून परत पाठवतो."

इथे जाधवांचं जग सांगायला हवं. क्वालिटीवाल्यांचा देव म्हणजे पीपीएम. दहा लाख पार्टमागे किती खराब निघाले, तो आकडा. पंधरा असेल तर सप्लायरला शाल-श्रीफळ, पन्नास असेल तर कारणं दाखवा नोटीस. आकडा जितका लहान तितका माल चांगला. पंचवीस वर्षं हा माणूस आकडे असेच वाचत आलेला.

"टेनिसमध्ये हजारची पण स्पर्धा असते म्हणे," जाधव म्हणाले. "ती किती भिकार असेल राव!"

मला हे पटलं. खोटं कशाला बोलू? तेजसला ब्याऐंशी गुण, आस्माला एकोणचाळीस. गुणपत्रकावर मी सही केली.

सही केली, पण मन खात राहिलं. आप्पांचा पुतण्या ब्याऐंशी गुणांनी पास होतो, हे मला पचेना. महिला आणि पुरुष, दोन्ही जागतिक क्रमवाऱ्या इंटरनेटवर कुणालाही बघता येतात. मी बघितल्या. तेजसचं नाव नाही. मला बरंच वाटलं. मग आस्माचं नाव टाकलं.

तेही नाही.

नऊशेच्या आसपास नाही, हजारात नाही, कुठेच नाही. म्हणजे एकाने जाड खोटं लिहिलं होतं आणि दुसरीने बारीक. मी दोघांनाही वेगवेगळ्या वेळी बोलावलं.

आस्मा आली ती कंपनीच्या बसस्टॉपवरून चालत. उजवा खांदा जरा सांभाळून बसली. मी प्रस्तावना केली नाही.

"क्रमवारीत तुमचं नाव नाही. हे काय आहे?"

"आज नाहीच आहे मॅडम. म्हणून तर 'होते' लिहिलंय."

"रँक अशी जाते कुठे?"

"मॅच जिंकली की पॉइंट मिळतात. ते बावन्न आठवडेच टिकतात. त्रेपन्नाव्या आठवड्याला पुसले जातात. तोपर्यंत तुम्ही नवे कमावले असले पाहिजेत. माझा खांदा गेला. तेरा महिने रॅकेट धरली नाही. शेवटचा पॉइंट गेला, त्याच्याबरोबर नाव पण गेलं."

"आणि आता?"

"आता पहिल्यापासून. खेळता तेच येतं, पण कागदावर मी नवीन."

हे वाक्य मी आमच्या घरात ऐकलेलं होतं.

जाधव शेजारीच बसले होते. त्यांना अजून पंधराचं कोडं सुटलेलं नव्हतं. ते म्हणाले, "ते सोडा. पन्नासच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरलात आणि पंधराची जिंकलात. हे कसं काय?"

"सर, पन्नासची मोठी असते."

"मोठी म्हणजे?"

"आकडा म्हणजे जिंकणारीला मिळणारे पॉइंट. टीव्हीवर दाखवतात त्या चार मोठ्या स्पर्धांना दोन हजार. त्यांच्याखाली हजारवाल्या, मग पाचशे, मग अडीचशे, सव्वाशे. त्याच्याखाली आमच्या. शंभर, पंचाहत्तर, पन्नास, पस्तीस, पंधरा. पंधरा म्हणजे तळमजला. तिथे मी जिंकले. पन्नासला नुसतं आत शिरायलाच पात्रतेच्या मॅचेस जिंकाव्या लागल्या. तिथे हरले, पण माझ्या सगळ्यात चांगल्या मॅचेस त्याच."

"म्हणजे हजारची..."

"हजारच्या स्पर्धेचं मी तिकीट काढून बघते, सर."

जाधवांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

तरी मी लगेच विरघळले नाही. आमच्याकडे पार्टच्या बॉक्सवर टॅग असतो. त्यावरून तो पार्ट कोणत्या दिवशी, कोणत्या स्टीलमधून बनला इथपर्यंत मागे जाता येतं. तसं मागे जायचं मी ठरवलं. तिच्या मोबाइलवर काही बघितलं नाही. माझ्या कॉम्प्युटरवर, मीच एकेका स्पर्धेचा ड्रॉ उघडला. ड्रॉ म्हणजे कोण कोणाशी खेळलं आणि कोण पुढे गेलं त्याचा तक्ता. तिन्ही ओळी खऱ्या निघाल्या. वर एक चौथी स्पर्धा सापडली, दुहेरीचं विजेतेपद. ते कागदावर नव्हतंच. फोन करून विचारलं.

"ते जोडीदारणीने जिंकलं, मॅडम. मी फक्त सोबत होते."

अर्जात स्वतःहून कमी लिहिणारं माणूस मला नोकरीत पहिल्यांदाच भेटलं.

दुसऱ्या दिवशी तेजस आला. सोबत आप्पा होतेच. मी तेजसला एकच प्रश्न केला, या स्पर्धांचे ड्रॉ कुठे मिळतील?

पोरगं आधी काकांकडे बघत होतं, मग टेबलाकडे. मग म्हणालं, "मिळणार नाहीत. त्या क्रमवारीच्या स्पर्धाच नव्हत्या. ज्याने भरवल्या त्याने नाव दिलं इंटरनॅशनल."

"आरं पण परदेशी पोरं व्हती की!" आप्पा.

"एक होता काका, नेपाळचा. तो इथंच कॉलेजला होता."

"आन् फायनल जिंकलास ती?"

"आठ जण होतो. तिघं आलेच नाहीत." तो माझ्याकडे वळला. "मॅडम, आस्माताईला इथले सगळेच खेळाडू ओळखतात. ती जिथे पहिल्या राउंडला हरली ना, तिथे मला गेटवरून आत घेणार नाहीत. मी घरी सांगितलं होतं. कुणी ऐकलं नाही."

आप्पांनी ती जाड फाइल जवळ ओढून घेतली. मग म्हणाले, "तुझी काकू दर आठवड्याला ते कप पुसती रं."

मी तेजसला लबाड ठरवून बसले होते. तो त्या खोलीतला सगळ्यात सरळ माणूस निघाला. आम्ही त्याला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षानंतर ट्रेनी म्हणून ये म्हटलं. तो आला.

राहिले देशमुख सर.

"मॅडम, गुणपत्रकावर तुमची सही आहे. आता बदलायचं म्हणजे..."

"चुकीची सही आहे सर. मी खाली तसं लिहून पुन्हा सही करते."

"आणि आप्पांच्या गाड्या थांबल्या तर? डिस्पॅच कोण करणार, टेनिसवाली?"

"तिला डिस्पॅचलाच टाका," जाधव म्हणाले. "आणि सर, माझी पण सही चुकीची आहे. मी आकडे उलटे वाचले."

त्यांनीही खाली तसं लिहून सही केली. क्वालिटी हेडने लेखी चूक मान्य केल्याचं आमच्या प्लांटच्या इतिहासातलं हे एकमेव उदाहरण. देशमुख सरांनी पुढे वाद घातला नाही. गाड्या दुसऱ्या दिवशी वेळेवर लागल्या. तरी पुढचा आठवडाभर मी रोज गेटवर फोन करून विचारत होते.

या प्रकरणातून मी एवढंच शिकले, की कोण जिंकलं याआधी कुठे जिंकलं ते विचारावं. हरलेल्यालाही तेच विचारावं. आणि आपल्या धंद्याची मोजपट्टी दुसऱ्याच्या धंद्याला लावण्याआधी ती कोणत्या टोकाकडून सुरू होते ते बघावं.

आस्माचं पत्र निघालं त्या संध्याकाळी मी वडिलांना सगळं सांगितलं. टेनिसचं त्यांना काही कळलं नाही. त्यांनी एकच विचारलं.

"सर्व्हिस कधीपासून धरली तिची?"

"हजर झाली त्या दिवसापासून."

"मधे ब्रेक?"

"नाही."

त्यांनी मान हलवली आणि बातम्या लावल्या.

आस्मा शेख यंदा पस्तीसच्या एका स्पर्धेत दोन फेऱ्या जिंकली. क्रमवारीत तिचं नाव परत आलं आहे, बरंच खाली, पण आहे. आणि आमच्या डिस्पॅच विभागात ती परमनंट आहे.