पॉलिमरेजच्या आधी कोण?

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते.

नव्वदच्या दशकात जळगावला एम.एस्सी. करत होते. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत संशोधनाला जायचं मनात होतं. त्यासाठी सरांचं शिफारसपत्र हवं, आणि सर ते देणार सेमिनार पाहून. माझा विषय होता, पेशीत जनुकाची नक्कल सुरू करून देणारी प्रथिनं. नक्कल उतरवणारं मोठं एन्झाइम म्हणजे पॉलिमरेज. मी झोकात खडू घेतला, डीएनएच्या रेघेवर आधी तेच बसवलं, आणि बारकी प्रथिनं मागून आणली.

सरांनी चष्मा काढला. क्रम उलटा आहे म्हणाले, सोमवारी पुन्हा करा. सगळा वर्ग हसला.

पाठांतर कच्चं नव्हतं हो, डोक्यातच तसं बसलेलं. धरणगावला आमच्या घरी आबा, म्हणजे माझे वडील, पाटावर बसल्याशिवाय कुणी घास मोडत नसे. बारक्यांनी मोठ्याच्या आधी बसायचं, हे माझ्या हातून काढलंच जाईना.

त्याच शनिवारी एसटीनं घरी गेले ती तणतणतच. आबा नुकतेच कपाशीतून आले होते. तुमच्यापायी माझं पुणं बुडालं, असं तोंडावर बोलले. त्यांनी शांतपणे काय झालं ते विचारलं, मी चिडत चिडत सगळं समजावलं. ते मिशीत हसले.

"पाट कोन मांडस? पानी कोन ठेवस? तू हाक मारस, तवय मी येस."

लहानपणापासून पाट मीच मांडत होते, हाक मीच मारत होते, आणि ते मोजायचं मलाच सुचलं नव्हतं. स्वतःची लाज वाटली आणि हसूही आलं.

सोमवारी आधी डीएनएवरची खूण ओळखणारं प्रथिन बसवलं, मग त्याचे सोबती, मग पॉलिमरेज. तेही लगेच निघत नाही, आणखी दोघं येऊन त्याला पुढे काढतात, हेही ठणकावून सांगितलं. सरांनी आडवेतिडवे प्रश्न विचारले, मी एकही सोडला नाही. पत्र मिळालं.

घरी आबांनी ते दोनदा वाचलं आणि घडी घालून माझ्या हातात दिलं. शाबासकी द्यायची त्यांची रीतच नव्हती. आई ताटं वाढत होती.

"आते माले हाक कोन मारी?" एवढंच म्हणाले, आणि हात धुवायला उठून गेले.