मावशी आणि मगरीची भावकी

माझ्या मावशीइतका मेलेल्या प्राण्यांचा लोभ अख्ख्या पुण्यात दुसऱ्या कोणाला असेल असं मला वाटत नाही. ती मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि शिक्षणासाठी मी तिच्याकडे सदाशिव पेठेत राहायचो. घर पक्कं शाकाहारी, तरी रविवारी मावशी पिशवी घेऊन मासळीबाजारात हजर. कोळीण मसाला सांगू लागली की म्हणायची, "खायला नकोय, सांगाडा काढायचाय." मग गॅलरीत स्टोव्हवर मासे उकळायचं भांडं चढायचं आणि सगळी इमारत नाकाला पदर लावायची. जेवताना मी डावाकडे हात नेला की तो मध्येच धरून ती दाखवायची, "हीच हाडं वटवाघळाच्या पंखात, हीच देवमाशाच्या वल्ह्यात." तोवर आमटी गार. एकदा कीर्तनात मत्स्यावताराचं आख्यान रंगलेलं असताना तिनं उठून विचारलं, "हा मासा हाडांचा की कूर्चेचा?" बुवा म्हणाले, "बाई, तो देव होता." मावशी म्हणाली, "असेल. पण मासाही होताच ना?"

शेजारी एक निवृत्त हेडक्लार्क एकटेच राहत. त्यांना एका पोपटाचा तेवढा आधार. मावशीनं त्यांना सहज सांगितलं, "तुमचा राघू मगरीच्या भावकीतला बरं का, पक्षी आणि मगरी मूळ एकाच कुळातले." त्यांनी बोलणंच टाकलं. पुढे एका रविवारच्या वासावरून त्यांनी घरमालकांकडे तक्रार केली आणि मालकांनी मावशीला दुसरी जागा बघायला सांगितलं. ती वरवर हसली, पण सांगाडे कुठे हलवायचे या काळजीनं तिला जेवण जाईना.

त्याच सुमारास एका सकाळी हेडक्लार्क आमच्या दारात उभे राहिले. हातात रुमालात गुंडाळलेला राघू. "गेला," ते म्हणाले. "तुम्हाला शिकवायला उपयोगी पडेल. घ्या."

पोपटाचा सांगाडा मावशीला कित्येक वर्षं हवा होता. तिनं रुमाल उघडून पाहिलं, पुन्हा नीट गुंडाळला आणि पायांत चपला सरकवल्या. "चला, आपण याला पर्वतीच्या पायथ्याशी पुरून येऊ."

परत आल्यावर तिनं त्यांना चहाला बसवून घेतलं. ते सांगत होते, राघूला माणसांचं सगळं कळायचं, सणवार कळायचे, आपली पत्नी गेली तेव्हा तो दोन दिवस बोलला नाही. त्यांनी तक्रार मागे घेतली असावी, कारण जागेचा विषय पुढे कधी निघाला नाही. आता तेही नाहीत आणि मावशीही नाही. वर्गात एवढंसं चुकीचं विधान खपवून न घेणारी माझी मावशी त्या दिवशी कप हातात धरून नुसती ऐकत होती, आणि मधूनमधून म्हणत होती, "हो, कळत असणारच."