सुमेधाचा रोमानिया

सुमेधा देवस्थळीला पन्नाशी उलटल्यावरही मराठीत 'पंखा' तो की ती, हे छातीठोक सांगता यायचं नाही. रोमानियन भाषेतही मराठीसारखी तीन लिंगं आहेत, आणि तिथे मात्र ती कधी चुकत नसे. तिच्या वडिलांना, डॉ. शशी देवस्थळींना, आधी या गोष्टीचं हसू यायचं, मग वाईट वाटायला लागलं, आणि अलीकडे त्यांनी तो विषयच सोडून दिला होता.

डॉक्टर मूळचे सोलापूरचे. तरुणपणी इंग्लंडला आले, इथल्या हॉस्पिटलांत नोकरी केली आणि रीडिंगला घर केलं. सुमेधा तिथेच जन्मली. ती डॉक्टर व्हावी अशी घरात सगळ्यांची समजूत होती. तिने समाजशास्त्र घेतलं. पदवी झाल्यावर, चौऱ्याण्णव साली, रोमानियातल्या एका शाळेत वर्षभर इंग्रजी शिकवायची संधी आली.

"जायचंच आहे तर पुण्याला मावशीकडे जा की," आई म्हणाली होती. "रोमानियात आपलं कोण आहे?"

"म्हणूनच तर जाते," सुमेधा म्हणाली.

एक वर्षासाठी गेलेली मुलगी तीन वर्षं राहिली. सिरेत नदीकाठचं ते एक छोटं शहर होतं. तिथली साम्यवादी राजवट कोसळून पाचच वर्षं झाली होती. गावात एक मोठी सूतगिरणी आणि गिरणीकामगारांसाठी बांधलेल्या राखाडी इमारती. त्यातल्या एका इमारतीत लेनुत्सा नावाच्या बाईंकडे सुमेधाला खोली मिळाली. लेनुत्साबाई गिरणीत मुकादम होत्या, नवरा नुकताच गेला होता, आणि पदरात कोस्मिन नावाचा लहान मुलगा. गरम पाणी संध्याकाळी थोडा वेळ यायचं. त्यात आधी सुमेधाने अंघोळ करायची, मग कोस्मिनने, आणि उरलं तर आपण, असा नियम बाईंनी पहिल्याच दिवशी घालून दिला. त्यांना 'सुमेधा' म्हणता यायचं नाही. त्या 'मेदा' म्हणायच्या.

सुमेधाचं पुढचं सगळं आयुष्य त्या इमारतीच्या एका जिन्यावर उभं राहिलं असं म्हटलं तरी चालेल. तिने पीएचडी केली ती त्या इमारतीवर. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात नोकरी लागली, लग्न झालं आणि टिकलं नाही, आई गेली. पण दर एक-दोन वर्षांनी ती लेनुत्साबाईंच्या त्याच खोलीत जाऊन राहायची आणि जिन्यातल्या प्रत्येक घराशी बोलून यायची. गिरणी बंद पडली तेव्हा ती तिथे होती. युरोपियन युनियनमध्ये देश गेला त्या जानेवारीतही ती तिथेच होती.

तिच्या लेखनातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण होतं ते हीटिंगवर. जुन्या राजवटीत सगळ्या इमारतीला मिळून एकच हीटिंग होतं. ऊब मिळायची ती सगळ्यांना, नाही मिळायची तीही सगळ्यांना. पुढे बिलं परवडेनात तेव्हा ज्याच्याकडे पैसे होते त्याने स्वतःचा बॉयलर बसवला आणि सामायिक पाइप कापून टाकला. पाइप कापला की वरची-खालची घरं आणखी गार पडायची. या जिन्यात पहिला पाइप कापला तो दुसऱ्या मजल्यावरच्या त्रायान नावाच्या फोरमनने. वर तिसऱ्या मजल्यावर लेनुत्साबाई. त्या हिवाळ्यानंतर दोघं एकमेकांशी बोलेनाशी झाली. सुमेधाने लिहिलं होतं, की या समाजाला स्वातंत्र्य मिळालं ते असं, एकेका घराला वेगळंवेगळं. हे वाक्य नंतर बऱ्याच जणांनी उचललं.

मग हळूहळू माणसंच निघून गेली. कोणी इटलीला, कोणी स्पेनला. कोस्मिन इंग्लंडला आला. बेसिंगस्टोकच्या एका गोदामात त्याला रात्रपाळीची नोकरी लागली, त्याची बायको डानियेला वृद्धाश्रमात काम करू लागली. तीन वर्षांपूर्वी लेनुत्साबाई घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि कोस्मिन त्यांना आपल्याकडे घेऊन आला.

जिच्याकडे पोहोचायला आजवर विमान, ट्रेन आणि बस लागायची ती बाई आता सुमेधाच्या ब्रॅकनेलच्या घरापासून जेमतेम पाऊण तासावर होती. सुमेधाला आधी फार आनंद झाला. पण पहिल्याच भेटीत तिने पाहिलं ते असं : अरुंद बैठकीची खोली, पडदे ओढलेले, कारण वर कोस्मिन पाळी संपवून झोपलेला, आणि त्या अर्ध्या अंधारात बाई टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून बसलेल्या.

"आवाज चालू ठेवून तरी काय," त्या म्हणाल्या. "कळत तर नाहीच."

तेव्हापासून सुमेधा दर आठवड्याला जायला लागली. तोवर तिचं स्वतःचंही फार बरं चाललं नव्हतं. विद्यापीठात विषय बंद होत होते. तिच्या वर्गात पूर्वी तीस मुलं असायची, आता सहा. राजवट कोसळल्याला पस्तीस वर्षं झाल्यानिमित्त ती एक पुस्तक लिहीत होती, त्याचं शेवटचं प्रकरण काही केल्या पुरं होत नव्हतं. 'संक्रमणकाळ' हा शब्द तिने इतक्या वर्षांत इतक्यांदा लिहिला होता, की आता तो टाइप करताना बोटं जड व्हायची. संक्रमण म्हणजे इथून तिथे जाणं. पस्तीस वर्षं जी माणसं वाटेतच आहेत त्यांना काय म्हणायचं? शनिवारी वडिलांकडे रीडिंगला जायचं, त्यांची औषधं लावायची, आठवड्याची भाजी आणून द्यायची. मग रविवारी परीक्षेचे निबंध तपासायचे.

"दमलेली दिसतेस," डॉक्टर म्हणायचे.

"माझा झोप नाही झाला, बाबा."

चोवीस सालच्या डिसेंबरात रोमानियाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची दुसरी फेरी होती. परदेशातल्या रोमानियन लोकांना शुक्रवार दुपारपासूनच मतदान करता येणार होतं. लेनुत्साबाईंनी सुमेधाला फोन केला. "मेदा, मला ने. मी एकही मतदान चुकवलेलं नाही. जेव्हा कागदावर एकच नाव असायचं तेव्हाही नाही."

कोस्मिनही आला, रात्रपाळी करून, डोळे लाल झालेले. तो मागच्या सीटवर बसला, बाई पुढे. दोघांनी एकमेकांना कोणाला मत देणार हे सांगितलं नव्हतं, पण गाडीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. एक उमेदवार असा, की महिन्यापूर्वी त्याला कोणी ओळखत नव्हतं आणि आता गोदामातल्या प्रत्येक फोनवर तोच होता. कोस्मिन त्याचा. बाई दुसऱ्या बाजूच्या.

मतदान केंद्राबाहेर रांग होती. थंडी बोचत होती. रांगेतल्या एका मुलीने बाईंची काठी पाहून त्यांना पुढे जाऊ दिलं. बाई आत गेल्या, त्यांनी शिक्का मारला, घडी घातली, पेटीत टाकलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर सुमेधाला कितीतरी दिवसांनी जुनी मुकादम दिसली.

परतीच्या वाटेवर बेसिंगस्टोक जवळ आलं असताना मागून कोस्मिन म्हणाला, "रद्द."

"काय रद्द?"

"निवडणूक. कोर्टाने रद्द केली. प्रचारात फोनवरून गडबड झाली म्हणे. पहिल्या फेरीसकट सगळी."

"असं कसं?" बाई म्हणाल्या. "मी आत्ता शिक्का मारून आले."

"तो शिक्का गेला, आई. माझाही गेला." तो फोनवर वाचत होता आणि त्याचा आवाज चढत होता. "बघितलंस? आपला माणूस येणार दिसला की खेळच बंद करायचा. पस्तीस वर्षं हेच चाललंय. आम्ही बाहेर राबायचं, पैसे पाठवायचे आणि रांगेत उभं राहायचं!"

"तुझा तो माणूस काय रांगा संपवणार होता?"

"निदान आमच्याबद्दल बोलत तरी होता!"

"तोही बोलायचा. जुना हुकूमशहा. रोज टीव्हीवर दोन तास आमच्याबद्दलच बोलायचा."

"तुला काय कळतंय, आई? तू खोलीत बसून असतेस!"

"बसून असते," बाई म्हणाल्या, "कारण तू गेलास. मी नव्हते गेले."

तेवढ्यात सुमेधाचा फोन वाजला. एका रेडिओ स्टेशनला दोन मिनिटांची प्रतिक्रिया हवी होती. त्यांच्या यादीत रोमानियाच्या तज्ज्ञ म्हणून तिचं नाव होतं. तिने गाडी पेट्रोलपंपाच्या कडेला लावली आणि बाहेर उभी राहून बोलायला लागली. लोकशाही संस्थांवरचा विश्वास, स्थलांतरितांचा राग, अपुरं राहिलेलं संक्रमण. वाक्यं आपोआप येत होती. बोलता बोलता तिला काचेतून दिसत होतं : कोस्मिन मागून उतरून पुढच्या दाराशी आला होता, वाकून आईच्या कोटाची वरची बटणं लावत होता आणि त्याच वेळी दोघांचं भांडण परत सुरू झालं होतं. निवेदिकेने तिचे आभार मानले. आपण नेमकं काय बोललो ते फोन ठेवल्यावर तिला आठवेना.

"काय सांगितलंस त्यांना?" ती आत बसल्यावर बाईंनी विचारलं.

"की लोक थकलेत."

"खरं आहे," लेनुत्साबाई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले. घर येईपर्यंत त्या झोपून होत्या, आणि मागे कोस्मिनही.

जानेवारीत विद्यापीठाने विचारलं, की पैसे घेऊन स्वखुशीने नोकरी सोडायला कोण तयार आहे. सुमेधाने पहिल्याच आठवड्यात हो म्हणून टाकलं. सहकाऱ्यांना वाटलं, तिने भांडायला हवं होतं. तिलाही तसंच वाटलं, पण अंगात बळ नव्हतं.

त्याच सुमारास लेनुत्साबाईंनी जाहीर केलं, की त्या परत जाणार. डानियेला रडली. कोस्मिनने दोन दिवस आदळआपट केली. तिसऱ्या दिवशी त्याने सुमेधाला फोन केला. "मला रजा मिळत नाहीये. तुम्ही सोडाल का तिला?" मग म्हणाला, "इथे तिची तब्येत सुधारली, पण ती स्वतः कुठेतरी संपत चाललीये."

मार्चमध्ये दोघी गेल्या. इमारतीला लिफ्ट कधीच नव्हती. सुमेधा सामान घेऊन पुढे, बाई कठडा धरून मागे. बहुतेक दारांना कुलपं होती. जिन्यातल्या जुन्या पाइपांची कापलेली तोंडं भिंतीतून तशीच बाहेर आलेली. दुसऱ्या मजल्यावर बाई दम खायला थांबल्या आणि समोरचं दार उघडलं. त्रायान. ऐंशीच्या पुढचा, स्वेटरवर स्वेटर घातलेला.

वीस वर्षांहून जास्त काळ ती दोघं एकमेकांशी बोलली नव्हती.

"आलीस?" तो म्हणाला.

"आले."

"वर फार गार आहे. घर तीन वर्षं बंद होतं." त्याने दार आणखी उघडलं. "माझं स्वयंपाकघर गरम आहे. सूप केलंय."

सुमेधाला वाटलं, बाई आता काहीतरी जबरदस्त बोलतील. त्यांच्याकडे बोलण्यासारखं किती होतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? बाईंनी काठी दाराला टेकवली, कोट काढून त्याच्या हातात दिला आणि आत जाऊन बसल्या.

"मीठ कमी आहे," पहिल्या घोटानंतर त्या म्हणाल्या.

"डॉक्टरने बंद केलंय."

सुमेधा तिथे दोन आठवडे राहिली. रोज दुपारी बाई खाली जायच्या. माफी कोणी मागितली नाही, जुना विषय कोणी काढला नाही. एकदा तिने बाईंना विचारलंच, "राग गेला?"

"गेला नाही गं. भांडायला जिन्यात दुसरं कोण राहिलंय? आणि बोलायलाही."

परत आल्यावर तिने हे वडिलांना सांगितलं. डॉक्टर उठून चहा करून आले. मग आपणहून सोलापूरच्या गिरण्यांबद्दल बोलायला लागले. त्यांचे वडील कुठल्या खात्यात होते, भोंगा किती वाजता व्हायचा, संपात दोन शेजारी कसे वैरी झाले. सुमेधाने हे कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी ती विचारत राहिली, आणि डॉक्टर चहा गार होईपर्यंत सांगत राहिले. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण तिने लिहिलं नाही. जे होतं तेवढंच प्रकाशकाला दिलं. त्यांनी ते कमी प्रतींत छापायचं ठरवलंय.

मे महिन्यात निवडणूक पुन्हा झाली. लेनुत्साबाई आणि त्रायान हात धरून गावच्या शाळेत गेले आणि दोघांनी दोन वेगळ्या उमेदवारांना मतं दिली. कोस्मिन गेलाच नाही. त्याची पाळी होती.

सुमेधा आता आठवड्यातले तीन दिवस हॉस्पिटलांत दुभाषी म्हणून जाते. मागच्या आठवड्यात ब्रॅकनेलला एक वयस्क रोमानियन सुतार होता. सोबत कोणी नव्हतं. डॉक्टरीण म्हणाली, गाठ आहे, पण काढता येईल. सुमेधाने तेवढंच सांगितलं. सुताराने विचारलं, पुन्हा काम करता येईल का. तिने तेवढंच विचारलं. अर्ध्या तासाने ती बाहेर आली, पार्किंगमध्ये गाडीत बसली, आणि गाडी सुरू करायच्या आधी थोडा वेळ सीट मागे करून पडून राहिली. पाऊस भुरभुरत होता. पुढची वेळ बेसिंगस्टोकला, दुपारची होती.