बाबांची फोनवाली बाई

हृदयाच्या ऑपरेशननंतर बाबा कामठीला घरी आले आणि नागपूरच्या दवाखान्यातून त्यांना रोज सकाळी फोन येऊ लागला. बाईच्या आवाजात बोलायचं ते चक्क एआय! माझं डोकंच फिरलं. जन्मभर पॉवरलूमवर राबलेले बाबा डॉक्टरांनाही ‘बरं आहे’ यापलीकडे काही सांगत नसत; ते यंत्राशी काय बोलणार?

पाचव्या दिवशी दवाखान्यातून मलाच फोन आला. जिना चढताना बाबांना धाप लागते, असं त्यांनी त्या बाईला सांगितलं होतं. लगेच नेलं, औषध बदललं, धाप थांबली! मी नाचायचाच बाकी होतो.

“मले काहून नाही सांगतलं, बाबा?”

“तुह्या जिवाले घोर लागते. त्या बाईले नाही लागत.”